आचरियमुट्ठि : शास्त्रीय संगीताची आणि आपली
(यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्ताने)

'सुरांना जात नसते' हे वाक्य संगीताच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा ऐकावयास मिळते की, ते तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. सुरांना जात नसते हे खरेच आहे. षड्ज कोणाच्याही कंठातून निघाला तरी तो षड्जच असतो. परंतु तो कोणास शिकविला जातो, तंबोरा कोणाच्या घरी असतो, कोणाच्या गाण्यास 'शास्त्र' म्हणावयाचे आणि कोणाचे गाणे 'लोक' म्हणून बाजूस ठेवावयाचे, या गोष्टी सूर ठरवीत नाहीत. त्या समाज ठरवितो, आणि आपला समाज जातींनी बांधलेला आहे. म्हणून या वाक्याची चिकित्सा करणे हे धम्माच्या अभ्यासकांचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.

या लेखाचे निमित्त एक लहानसा प्रसंग आहे. जिल्ह्यातील एका खेड्याच्या विहारात वर्षावासाच्या काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर गीते म्हणणारी एक मुलगी आमच्या परिचयाची आहे. पेटीवर दिलेला सूर तिने एकदा धरला की तो हलत नाही. तिच्या वडिलांनी तिला तालुक्याच्या गावी एका संगीतवर्गात नेले. गुरुजींनी गाणे ऐकून घेतले, कौतुक केले आणि सांगितले की, हिचा गळा पार्टीच्या गाण्याचा आहे, रागदारीसाठी घरात तसे वातावरण लागते. वडील गावी परतले तेव्हा विहारातील एका ज्येष्ठ उपासकांनी त्यांस ऐकविले, 'बरेच झाले म्हणायचे. ते राग-बिग आपले नव्हे. देवादिकांची गाणी शिकून पोरगी काय करणार?'

त्या मुलीसमोर दोन दारे होती आणि दोन्ही बंद झाली. पहिले दार शास्त्रीय संगीताच्या जगाचे, दुसरे आपले स्वतःचे. पहिल्याविषयी आपल्या नियतकालिकांतून अधूनमधून रोष व्यक्त होतो, तो योग्यही आहे. दुसऱ्याविषयी मात्र आपण बोलत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही दोहोंचा विचार करणार आहोत. आणि ज्येष्ठ उपासकांच्या म्हणण्यास पालि वाङ्मयाचा आधार आहे असा समज रूढ असल्यामुळे आरंभ तेथूनच करीत आहोत.

तथागत आणि संगीत

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व बेलुवपंडु वीणा घेऊन इंदसाल गुहेत विहार करीत असलेल्या तथागतांपाशी येतो व गातो. त्याच्या गीतात बुद्ध, धम्म आणि अर्हत यांचा उल्लेख आहे, तसाच त्याच्या प्रेयसीचाही आहे. गीत संपल्यावर तथागत त्यास दूषण देत नाहीत. वीणेचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर वीणेशी जुळून येतो, एक दुसऱ्यावर मात करीत नाही, असा अभिप्राय ते देतात आणि हे गीत केव्हा रचले अशी विचारणा करतात. कंठ आणि वाद्य यांचा समतोल पारखणे हे जाणत्या श्रोत्याचे लक्षण आहे. अंगुत्तरनिकायात अतिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूस वीर्यसमता समजावून सांगतानाही तथागतांनी वीणेचाच दृष्टान्त घेतला. तार फार ताणली तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. सोण गृहस्थाश्रमात वीणावादनात निपुण होता, हे ध्यानात घेऊन त्याच्याच विद्येच्या भाषेत त्यास शिकविले गेले, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याउलट बाजूस गीतस्सर सुत्ताचा दाखला दिला जातो. लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हटल्याने होणारे पाच दोष त्यात सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या स्वरावर आसक्त होतो, ऐकणारे आसक्त होतात, गृहस्थ टीका करतात, स्वर घोटविण्याच्या नादात समाधी भंगते आणि पुढील पिढी त्याचेच अनुकरण करते. परंतु हा उपदेश भिक्खूंना आहे आणि तो धम्मपठणाच्या रीतीविषयी आहे. विनयपिटकात याच संदर्भात सरभञ्ञ, म्हणजे सस्वर पठण, यास अनुमती दिलेली आहे. नृत्य-गीत-वादनापासून विरतीचे शील अष्टशीलात व दसशीलात येते. उपासकाच्या नित्य पंचशीलात ते नाही. उपोसथाच्या दिवसाचा नियम वर्षभरासाठी आणि भिक्खूचा नियम शाळकरी मुलीसाठी लावणे हे सुत्ताचे वाचन नव्हे, सुत्ताचा गैरवापर होय.

राग हे 'आपले नव्हे' या समजुतीस इतिहासाचाही आधार नाही. हरप्रसाद शास्त्री यांस १९०७ मध्ये नेपाळात सापडलेल्या व १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्यागीतांवर पटमंजरी, मल्लारी, भैरवी, कामोद अशी रागांची नावे घातलेली आहेत. लोकभाषेतील गीतांशी रागनामे जोडलेली आढळतात अशा जुन्या पुराव्यांत यांची गणना होते, आणि ही गीते बौद्ध सिद्धांची आहेत. त्यांत डोंबीण येते, शबर-शबरी येतात, नाव वल्हविणारे येतात, कापूस पिंजणाराही येतो. कापसावर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्याने ही गोष्ट आवर्जून जाणून घ्यावी. रागविद्या केवळ मंदिरात आणि दरबारात वाढली असे सांगणे म्हणजे या गायकांस इतिहासातून दुसऱ्यांदा बहिष्कृत करणे होय.

मूठ झाकलेली आणि उघडलेली

महापरिनिब्बान सुत्तात बेलुव गावी आजारातून उठलेले तथागत आनंदास सांगतात की, आपण आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म शिकविला आहे; तथागतांपाशी आचार्याची झाकली मूठ नाही. 'आचरियमुट्ठि' हा शब्द तेथे येतो. प्राचीन काळी आचार्य विद्येतील मर्माचा भाग मुठीत राखून ठेवीत आणि तो एखाद्या मर्जीतल्या शिष्यास किंवा पुत्रास अखेरच्या क्षणी देत. तथागतांनी ही प्रथाच नाकारली. धम्मात ज्या पाच मात्सर्यांची गणना होते त्यांत धम्ममात्सर्य, म्हणजे ज्ञानाविषयीचा कंजूषपणा, हेही एक आहे.

ही कल्पना संगीतास लावण्याची मोकळीक आम्ही घेत आहोत असे नाही. ती पालि परंपरेनेच घेतली आहे. गुत्तिल जातकाची कथा वाचकांस ठाऊक असेल. वाराणसीचा वीणावादक गुत्तिल हा बोधिसत्त्व. उज्जयिनीचा मूसिल त्याच्याकडे शिकावयास येतो. त्याची लक्षणे गुत्तिलास बरी वाटत नाहीत, तरी आईवडिलांच्या सांगण्यावरून तो त्यास शिकवितो. पुढे मूसिल राजाकडे गुरूइतकेच वेतन मागतो, स्पर्धा होते आणि शक्राच्या साहाय्याने गुत्तिल विजयी होतो. ही कथा सामान्यतः कृतघ्न शिष्याची म्हणून सांगितली जाते. आमच्या मते तिच्यातील अधिक महत्त्वाचे स्थळ त्यापूर्वीच येऊन गेलेले असते. ज्यास तो पात्र समजत नव्हता त्या शिष्यासही बोधिसत्त्वाने काहीही राखून न ठेवता, स्वतःस जेवढे येत होते तेवढे सर्व शिकविले. बोधिसत्त्व शिकविताना हातचे राखीत नाहीत, असे जातककार तेथे मुद्दाम नमूद करतो. एकलव्याचा अंगठा मागणारा गुरू आणि मूसिलास सर्व विद्या देणारा गुरू, हे दोन आदर्श भारतीय परंपरेत समोरासमोर उभे आहेत. शास्त्रीय संगीताच्या जगात गुरुमहात्म्य गायिले जाते तेव्हा ते यांपैकी कोणत्या गुरूचे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

मूठ कोणी उघडली, किती उघडली

न्यायाने बोलावयाचे तर ही मूठ सैल करण्याचे मोठे प्रयत्न आपल्याच प्रांतातील दोन पुरुषांनी केले. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि फी भरणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यास वर्गात बसून गाणे शिकता येऊ लागले. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या तिजोरीतील बंदिशी मिळवून, स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. जे पूर्वी वर्षानुवर्षे सेवा करूनही मिळेल याची शाश्वती नव्हती, ते पुस्तकाच्या दुकानात मिळू लागले. १९३१ मध्ये पलुस्करांच्या निधनानंतर स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंतच्या परीक्षा आज जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. हे कार्य लहान नव्हे.

परंतु दार उघडले ते कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात दाखविले आहे की, संगीताच्या या राष्ट्रीय उभारणीत मुसलमान उस्ताद मागे सारले गेले आणि संगीताचे वळण उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या शुचित्वकल्पनांनुसार ठरत गेले. कलावंत घराण्यांतील स्त्रियांची तर विचित्र कोंडी झाली. गोमंतकातील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादियाखाँची गायकी पुढे नेली. तरी मोगूबाईंचे शिक्षण इतरांच्या आडकाठीमुळे पुनःपुन्हा खंडित झाले. १९४६ मध्ये तर ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांस आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे शासकीय धोरण ठरले. ज्या स्त्रियांनी विद्या सांभाळली त्यांनाच विद्येच्या नव्या घरात प्रवेश नाकारण्याचा हा प्रकार होता. आणि या सर्व हालचालीत अस्पृश्य गणला गेलेला समाज कोठेच नव्हता. त्याच्यासाठी दार लावून घेण्याचीही गरज पडली नाही, कारण तो दारापर्यंत येईल असे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. जात न विचारता शिकविणारे गुरुजन त्या काळीही होते, आजही आहेत. आमचा आक्षेप व्यक्तींवर नाही, रचनेवर आहे.

दक्षिणेत या रचनेवर आतून बोट ठेवण्याचे काम टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातील ख्यातनाम गायकाने केले आहे. स्वतः ब्राह्मण कुटुंबातील असून त्यांनी आपल्या कलेच्या ब्राह्मणी चौकटीविषयी जाहीरपणे लिहिले, चेन्नईच्या मच्छीमार वस्तीत संगीतोत्सव भरविण्यात पुढाकार घेतला आणि २०१६ मध्ये त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'सबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) या ग्रंथात मृदंग बनविणाऱ्या, बहुतांशी दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांची हकीगत आहे. चामडे पारखून, ताणून, शाई चढवून जो नाद निर्माण करतो त्यास वादकाच्या शेजारी बसण्याचा मान नाही, ही विसंगती त्यांनी उघड केली. त्या ग्रंथाच्या प्रकाशनास आधी दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारण्यात आले, यावरून विषय किती झोंबणारा होता ते कळते. आपल्याकडे तबल्याच्या पुडीस आणि मिरजेच्या तंबोऱ्यास घडविणाऱ्या हातांविषयी असा ग्रंथ मराठीत लिहिला जाणे अगत्याचे आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, कलेत गुणवत्ता हाच निकष असावा, प्रतिनिधित्वाचा विचार तेथे आणू नये. यास उत्तर देणारा एक प्रयोग पाश्चात्त्य अभिजात संगीतात झालेला आहे. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकापासून वादकांची निवड करताना उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावण्यास आरंभ केला. कोण वाजवितो ते दिसेनासे झाले, आणि पुढील काळात निवडल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत गेली. 'आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो' असे म्हणणारे परीक्षक त्यापूर्वी आणखी काही पाहत होते, हे त्यातून सिद्ध झाले. सुरांना जात नसते असे ज्यांस मनापासून वाटते त्यांनी आडनाव न विचारता आधी गळा ऐकावा, एवढेच आमचे मागणे आहे.

दुय्यम कव्वाली

शास्त्रीय संगीताच्या दाराबाहेर जे उभे होते ते मुके राहिले नाहीत. सत्यशोधक जलशांची परंपरा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाच्या साच्यातील गण-गवळण त्यांनी बाजूस सारली आणि त्या जागी विद्या, स्वाभिमान व संघर्ष यांची गीते आणि वग आणले. कर्डकांनीच या कार्याचा इतिहास पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या ग्रंथात नोंदविला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी खेडोपाडी हिंडून गीतांचा जो विस्तार केला त्यास तोड नाही. विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच, मंचावर, अखेरचा श्वास घेतला. आणि स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात, प्रकृती साथ देत नसता, व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला होता. ज्यांस राग-स्वरांची विद्या 'आपली नव्हे' असे वाटते त्यांनी ही एक गोष्ट तरी आठवावी.

विदर्भात या परंपरेने कव्वालीचे रूप घेतले. नागपूरचे नागोराव पाटणकर यांच्यासारख्या गायकांनी ती घरोघरी पोहोचविली. जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तनाच्या निमित्ताने दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, रात्रभर सवाल-जवाब चालतो आणि भित्तिपत्रकावर 'दुय्यम कव्वालीचा सामना' असे छापलेले असते. येथे 'दुय्यम' म्हणजे दोन पार्ट्यांमधील. अभिजनांनी मात्र या गाण्यास दुसऱ्या अर्थाने दुय्यम मानले. वास्तविक त्यातील गायकास समोरच्याचा सवाल ऐकून तेथल्या तेथे चाल बांधावी लागते, पट्टी राखावी लागते, केहरव्याची लय चढवीत नेऊनही शब्द तुटू द्यावयाचा नसतो. काफी, पिलू, भैरवी यांच्या छाया या गाण्यांत सर्रास आढळतात. नावे ठाऊक नसली तरी स्वर ठाऊक असतात. ज्या विद्येस शास्त्रीय संगीतात उपज म्हणून गौरविले जाते ती येथे ढोलकीच्या साथीने रात्रभर चालते.

समीक्षकाच्या भूमिकेतून आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. या गायनाची थोरवी सांगताना त्याच्या उणिवांवर पांघरूण घालणे हे त्याचा अपमान करण्यासारखे आहे. अलीकडे अनेक पार्ट्यांत चित्रपटगीताची चाल जशीच्या तशी उचलून तीत शब्द बसविले जातात. ध्वनिक्षेपकाच्या कर्कशतेत गळे वेळेआधी फाटतात. पंचविशीत गाजलेला गायक चाळिशीत गाऊ शकत नाही, कारण श्वास कसा घ्यावा, आपल्या गळ्याची पट्टी कोणती, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. शास्त्रीय शिक्षण येथे उपयोगी पडते. ते दर्जा देते म्हणून आम्हांस हवे आहे असे नाही. आपल्या गायकांचे गळे टिकावेत, त्यांच्या चाली त्यांच्या स्वतःच्या असाव्यात, म्हणून ते हवे आहे.

जिल्ह्याची स्थिती

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार. तीत अनुसूचित जाती सुमारे बारा टक्के आणि अनुसूचित जमाती सुमारे साडेअठरा टक्के. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागांत गोंड व कोलाम यांची दंडार आणि ढेमसा, पुसद-दिग्रसकडे बंजारा स्त्रियांची गीते, गावोगावी मातंग बांधवांचे डफडे आणि वाजंत्री, विहारांतून बुद्ध-भीम गीते आणि गुरुदेव सेवा मंडळांतून खंजिरीची भजने, अशी या जिल्ह्याची सांगीतिक संपत्ती आहे. तिच्याकडे संगीतशिक्षणाचा भाग म्हणून मात्र क्वचितच पाहिले जाते. संगीतवर्ग आहेत ते शहरात आणि तालुक्यांच्या गावी. खेड्यातल्या मुलीस आठवड्यातून दोनदा तेथे जावयाचे तर परतीच्या एसटीची वेळ, भाडे आणि घरचा होकार, हे तिन्ही जुळावे लागतात. त्यापुढे मग 'घरातील वातावरणा'चा प्रश्न.

हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. गेल्या दशकात राज्य शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांस शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण देण्याचे ठरविले. लोककलेचाही त्यात अंतर्भाव केला. हेतू चांगला आहे. परंतु परीक्षा देण्यासाठी वर्ग लागतो आणि लोककलेच्या प्रमाणपत्रासाठी ते देणारी संस्था लागते. परिणामी ज्यांच्या घराजवळ वर्ग आहे त्यांच्या गुणपत्रिकेत भर पडते, आणि विहारात रात्र-रात्र गाणारी मुलगी तेवढ्याच गुणांनी मागे राहते.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर राजूर येथील वैशाली येडे या, पतीच्या आत्महत्येचे दुःख सोसलेल्या शेतकरी स्त्रीच्या हस्ते उद्घाटन झाले. ते घडले त्यामागे आयोजकांची अडचण किती आणि विचार किती, हा प्रश्न वेगळा. परंतु व्यासपीठावर कोणी बसावे यावर साहित्यविश्वास जाहीर चर्चा करावी लागली. संगीताच्या मैफलींबाबत आपल्या जिल्ह्यात असा वाद झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. जेथे प्रश्नच विचारला जात नाही तेथे समता आहे असे समजण्याचे कारण नाही.

आपली मूठ

आता दुसऱ्या दाराविषयी. धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने मेलेली जनावरे ओढण्याची, वेठीची आणि काही ठिकाणी वाजविण्याचीही कामे सोडली. ते योग्यच झाले. जे वाद्य गुलामीची खूण म्हणून गळ्यात बांधले जाते ते फेकून देणे हा मुक्तीचा भाग होता. परंतु पुढे आपण वाद्य आणि वेठ यांत फरक करण्यास विसरलो. ज्या मातंग बांधवाने डफडे सोडले नाही त्याच्याकडे आपणही वरून पाहू लागलो. जयंतीच्या मिरवणुकीत तो लागतो, विहाराच्या मंचावर तो नसतो. कोलामाच्या ढोलाची गोष्ट तर आपल्या विचारातही येत नाही.

मुलींच्या बाबतीत आपण अधिक कठोर आहोत. वर्षावासात गाणारी मुलगी सर्वांस प्रिय असते. तीच गायन पार्टीत जाऊ लागली की कुजबूज सुरू होते. ज्या शुचित्वाच्या कल्पनेने १९४६ साली गायिकांस आकाशवाणीबाहेर ठेवले तीच येथे आपल्या वस्तीत बोलत असते. त्यातच जुने गायक आपल्या वह्या कोणास दाखवीत नाहीत. चाल चोरीस जाईल ही धास्ती असते. ती समजण्यासारखी आहे, कारण त्यांस मानधनही कधी पुरते मिळाले नाही. तथापि ती आचरियमुट्ठिच आहे. नेपाळात वज्राचार्यांनी चर्यागीते दीर्घकाळ दीक्षितांपुरतीच गुप्त ठेवली, हे उदाहरण सांगते की बौद्ध म्हणविल्याने मूठ आपोआप उघडत नाही.

देवादिकांची गाणी हा आक्षेपही पुरता खरा नाही. ख्यालाच्या बंदिशींत देवस्तुती आहे, तशीच ऋतुवर्णने आहेत, प्रेम आहे, सूफी संतांची स्मरणे आहेत, मोहंमदशहाच्या दरबारातील सदारंगाने घातलेली बादशहाची नावेही आहेत. बंदिशीचे शब्द हा रागाचा पोशाख असतो. जे शब्द म्हणणे आपल्या बुद्धीस पटत नाही त्यांच्या जागी आपले शब्द रचण्याची मुभा या संगीताने नेहमीच दिलेली आहे. शीलाची, करुणेची, अनित्यतेची बंदिश बांधावी. ती उत्तम असेल तर टिकेल.

काय करता येईल

आमच्या मते आरंभ विहारांनी करावा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका विहाराने आठवड्यातून एक दिवस स्वरसाधनेसाठी द्यावा आणि तेथे शिकविण्यास संगीतवर्गांतील गुरुजनांस सन्मानाने व मानधन देऊन बोलवावे. तंबोरा घेणे परवडत नसेल तर त्याचा नाद आज भ्रमणध्वनीवरही मिळतो. शिक्षण ठाऊक असलेल्या गीतापासून सुरू व्हावे. मुलीस येणाऱ्या भीमगीतात कोणते स्वर लागतात ते प्रथम दाखवावे आणि मग रागाकडे न्यावे. तथागतांनी सोणास त्याच्या वीणेवरूनच शिकविले होते. वयोवृद्ध गायकांच्या चाली त्यांच्या नावासह ध्वनिमुद्रित कराव्यात आणि वापरल्या तर त्यांस मोबदला द्यावा. वर्गात मातंग, कोलाम, बंजारा मुलांना बोलवावे आणि डफडे वाजविणाऱ्यास शिक्षक म्हणून बसवावे.

गुरुजनांसही आमची विनंती आहे. प्रवेश देणे म्हणजे उपकार करणे नव्हे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांच्यासोबत उपालि नावाचा न्हावी होता. आमचा अभिमान गळून पडावा म्हणून त्यास आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हांस त्यास वंदन करावे लागेल, असे राजपुत्रांनीच सांगितले. आणि तोच उपालि पुढे विनयाचा अग्रणी ठरला. संघात समता आली ती सर्वांस आत घेतल्याने, तशीच आसनांचा क्रम बदलल्यानेही आली. ज्या दिवशी यवतमाळच्या एखाद्या मैफलीत दुय्यम कव्वालीचा वृद्ध गायक पुढील रांगेत पाहुणा म्हणून बसेल आणि त्याच्या गावची मुलगी तंबोरा लावून मंचावर यमन आळवीत असेल, त्या दिवशी 'सुरांना जात नसते' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपणां सर्वांस मिळेल.

ती मुलगी सध्या दहावीत आहे. वर्षावास संपला तरी ती विहारात रोज सायंकाळी पेटी काढून बसते. तिला शिकविणारे कोणी यावे यासाठी आणखी एका वर्षावासाची वाट पाहणे आपणांस परवडणारे नाही.